मास्तरांनी मागितलेला कौल

आमच्या घरात दोन मराठ्या नांदत होत्या आणि त्यांचं एकमेकींशी मुळीच पटत नव्हतं. एक आई-बाबांची मालवणी. ती सकाळी काथ्याच्या मोगरीबरोबर सुरू व्हायची आणि दिवा मालवेपर्यंत थांबायची नाही. दुसरी माझी आणि वसंतदादाची, शाळेतली, इस्त्री केलेली. दादा मॅट्रिक होऊन मुंबईला एका कचेरीत लागला होता. सुट्टीवर आला की पडवीत पाय पसरून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा, आणि अंगणात नारळाची सोडणं ठोकत बसलेली आई मध्येच मोगरी थांबवून विचारायची, "ह्यां काय सांगतंस रे तू? जेवूक बसतंस काय नाय, तितक्यां सांग." दादा कपाळावर हात मारायचा. मी हसायची, आणि हसल्याबद्दल दोघांचंही बोलणं खायची. दोन्ही भाषा माझ्याच असल्यामुळे मार दोन्हीकडून बसायचा.

घर काथ्यावर चालायचं. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्महिने पुरून कुजवायची, काढून धुवायची, मग लाकडी मोगरीने ठोकून ठोकून त्यांचा काथ्या करायचा आणि त्याचं सुंभ वळायचं. त्या कुजक्या सोडणांचा वास ज्याने घेतला नाही त्याला मी समजावून सांगू शकत नाही, आणि ज्याने घेतलाय त्याला सांगायची गरज नाही. सकाळी पेजेच्या वाफेत तोच वास, कुळथाच्या पिठीत तोच, माझ्या शाळेच्या परकरातही तोच. वाडीभर घराघरांतून ठक ठक ठक चालायचं. बाबा सुंभ वळायला उभे राहिले की एक टोक कोणीतरी धरायचं आणि ते पीळ देत देत मागे मागे जायचे, अंगणातून माडांत, माडांतून पार खाडीच्या बांधापर्यंत. टोक धरायचं काम माझ्याकडे. एका जागी उभं राहणं हा मला तेव्हाही तुरुंगवास होता. आजही आहे. हे लिहितानासुद्धा मी तीनदा उठून गॅसवर काही ठेवलंय का ते बघून आले, आणि ठेवलेलं काहीच नव्हतं. आई म्हणायची, "ह्या चेडवाच्या पायाक भवरो आसा."

सातवीनंतर वाडीतल्या मुलींची शाळा संपायची. माझी संपली नाही ती मास्तरांमुळे. मास्तर खाडीपलीकडच्या इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवत. त्यांचं आडनाव लिहीत नाही, नातवंडं आहेत, उगीच वाचतील आणि भांडायला येतील. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं त्याहून शुभ्र. जन्मले आमच्याच किनाऱ्यावर, पण वर्गात कोणी 'माका' म्हणालं की छडी टेबलावर आपटून म्हणत, "मला. म, ला. मला." एके दिवशी ते तरीतून, म्हणजे पलीकडच्या होडीतून, खाडी उतरून आमच्याकडे आले, आईने दिलेल्या खापरोळ्या बोटं चाटून खाल्ल्या आणि बाबांना म्हणाले, "मुलीचं डोकं चांगलं आहे. वाया घालवू नका." बाबांना अक्षर येत नव्हतं, पण माणूस वाचता यायचा. त्यांनी थोडा वेळ मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या शब्दार धाडतंय, मास्तरानू." एवढ्यावर माझी शाळा सुरू झाली. पुढे जे झालं ते ह्या एका वाक्यामुळे झालं, म्हणून ते मी जसंच्या तसं लिहिलं.

बाबा गावकार होते. म्हणजे देवळात गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. कोणाची गाय हरवली, कोणाचा मुलगा बोटीवर गेला, कोणाच्या पोरीचं लग्न जमेना, की बाबा रवळनाथापुढे हात जोडून उभे राहायचे आणि मागून माणसं "व्हय म्हाराजा" करायची. निवडणूक आली तरी तेच. म्हातारे देवळात बसायचे, पान खायचे, ठरवायचे, आणि मग सगळी वाडी एका अंगाला. मत म्हणजे गाव जाईल तिकडे जाणं, ह्यापेक्षा जास्त विचार कोणी केला नव्हता. आईला कोणी विचारलं, तू कोणाला दिलंस, तर ती चकित होऊन म्हणायची, "वाडीन दिल्यान तेकाच." आणि त्यात तिला काही कमी वाटायचं नाही, हेही सांगते. आजच्या पोरींना ते ऐकून राग येतो. मलाही यायचा.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना मास्तर असेंब्लीला उभे राहिले. समोर शेट. शेटांची गलबतं होती, आमचं सुंभ तेच घ्यायचे, चौथीपर्यंत शिकलेले, बोलायला गोड आणि बोलण्यात मोजके. दोघांच्या पक्षांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. त्या पक्षांची पुढे इतकी पिल्लं झाली की कोणतं कोणाचं ते आता त्यांच्या आयांनाही ओळखू येणार नाही. वाडी मात्र सगळीच्या सगळी मास्तरांची होती. शिकलेले मास्तरांचे, कारण मास्तर शिकलेले. न शिकलेलेही मास्तरांचेच, कारण तरीला पक्का धक्का बांधून घ्यायला ते कचेरीच्या पायऱ्या झिजवून आले होते. दादा रजा घेऊन मुंबईहून आला, त्याच्यासारखे आणखी चार-पाच मुंबईकर आले, आणि पडवीत कंदिलाच्या काचा पुसत क्रांतीच्या गप्पा मारू लागले. आई त्यांना घावणे घालून घालून दमली.

आणि मग मास्तरांची वाडीत सभा झाली. देवळासमोरच्या पिंपळाखाली टेबल, टेबलावर आमच्याच घरची चादर. मास्तर उभे राहिले, चष्मा पुसला आणि त्या धुतलेल्या मराठीत म्हणाले, "बंधुभगिनींनो, मी आज तुमच्या दारी आलो आहे तो तुमचा कौल मागण्यासाठी."

झालं. पुढचं भाषण कोणी ऐकलंच नाही. म्हाताऱ्यांत कुजबुज सुरू झाली, माना हलू लागल्या. ताईआजी म्हणून आमची एक बहिरी शेजारीण होती, तिला वाटलं शाळेच्या छपराला कौलं कमी पडलीत. ती उठून घरी गेली आणि परसातलं एक मंगळुरी कौल पदराखाली घेऊन आली. ते टेबलावर ठेवताना तिचा चेहरा असा होता की मास्तरांनाही हसता येईना. पण बाकीच्या म्हाताऱ्यांना कौल म्हणजे एकच कळलं. देवाच्या अंगावर गुरव पाण्याने पाकळ्या चिकटवतो, उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. गावात ह्याच्यावर अपील नाही. घरी आल्याबरोबर बाबांनी आईला हाक मारली. "ऐकलंस गो? मास्तर कौल मागतत. येवढो शिकलेलो माणूस, पण देवाक इसारलो नाय!" 

दादाने डोकं धरलं. "बाबा, तो कौल वेगळा. जनतेचा कौल. म्हणजे मत."

"मगे मत म्हणाचां. कौल कित्या म्हणाले?"

"भाषणात तसंच म्हणतात."

"भाषणात खोटां बोलतत?"

दादाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. 

कौल लावायचा दिवस ठरला. तोवर बाबांनी मासळी सोडली, म्हणजे घरानेच सोडली. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कढीवर वाढलेलं आमचं घर, त्यात आठवडाभर नुसती वालीची भाजी आणि डाळ. प्रत्येक जण प्रत्येकावर खेकसत होता. मांजरसुद्धा शेजारी राहायला गेलं. दादा रोज तरीतून मास्तरांकडे जायचा आणि रोज तोच निरोप घेऊन यायचा की मास्तर बघू म्हणतात. दादाचं मास्तरांना म्हणणं असं की देवळात गेलात तर शिकलेली मतं जातील. कुडाळ-कसालकडचे वकील, शिक्षक, कारकून सगळे ह्याच गोष्टीवर तुमच्यामागे उभे आहेत की तुम्ही असल्या गोष्टींच्या विरुद्ध आहात. आणि नाही गेलात तर आमची वाडी जाईल. मास्तर मधल्या मध्ये अडकले होते. मला त्यांची दया येत होती आणि रागही. मला मात्र वेगळीच काळजी. मास्तरांचं आणि बाबांचं फाटलं तर मी कुठल्या शब्दावर शाळेत जाणार होते? रात्री अंथरुणात मी इकडून तिकडे लोळत राहायची आणि आई म्हणायची, "गो, सुलू, चटई फाटात."

कौलाच्या दिवशी मास्तर आले. पण देवळात आले नाहीत. बाहेरच्या तुळशीपाशी चपला घालून उभे राहिले, शेजारी दादा आणि त्याची मित्रमंडळी, सगळे चपलांत. धड आत नाही, धड बाहेर नाही. बाबांनी ते पाहिलं. गाऱ्हाणं घालायला वळताना त्यांनी ते पाहिलं हे मी पाहिलं. मग त्यांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, बारा वाटेच्या म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान तुजो कौल मागलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"शिकलेलो आसा, पण तुजोच आसा. तेची पुस्तकां वेगळी, वाट तुजीच. भायर उभो रवलो हा, तां पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"वाकडां आसात तां सरळ कर, नि तेका उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एखाद्या सख्ख्या भावासाठी भांडावं तसे ते देवाशी भांडत होते. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. गुरव श्वास रोखून बसला होता. आणि उजवी पाकळी सरकली, थोडी अडली आणि पडली. असा काही गलका झाला की पिंपळावरचे कावळे उडाले. बाबा बाहेर आले, मास्तरांच्या हातावर प्रसादाचं फूल ठेवलं आणि म्हणाले, "इलास निवडून." मास्तरांनी फूल घेतलं. त्यांना ते कुठे ठेवावं कळेना, शेवटी खिशात ठेवलं. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे बांगडे आले, आणि मला वाटलं, चला, सुटलो.

तीनच दिवसांनी बाजाराच्या गावी मास्तरांची मोठी सभा होती. बाबा सुंभाची वेटोळी विकायला गेले होते, मी सोबत. आम्ही गर्दीच्या मागे उभे होतो, बाबांच्या डोक्यावर न विकलेलं वेटोळं. मास्तर रंगात आले होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कोणी कोटवाला उठला आणि म्हणाला, "मास्तर, शाळेत शास्त्र शिकवता आणि देवळात पाकळ्या मोजता, हे कसं काय?" हशा पिकला. मास्तरांचा चेहरा तांबडा झाला. ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मी स्पष्ट सांगतो. त्या कौलावर जर कोणी मला मत देणार असेल, तर तसलं मत मला नको. स्वतःच्या बुद्धीने द्या, नाहीतर देऊ नका!"

काय टाळ्या पडल्या! दादा टेबलाशेजारी उभा होता, त्याचे डोळे चमकत होते. मलाही, खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. वाक्य चांगलंच होतं. मग मी बाजूला बघितलं. बाबा टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघत होते. कौल शब्दाचे दोन अर्थ होते म्हणून इतका घोळ झाला, पण 'नको' दोन्ही मराठ्यांत एकच आहे, ते त्यांना नीट कळलं होतं. वळले आणि चालू लागले.  घरी आल्यावर वेटोळं अंगणात टाकलं आणि आईला म्हणाले, "नको म्हणालो." कालपर्यंत मास्तर 'म्हणाले' होते. आज 'म्हणालो', मालवणीतलं एकेरी. आईने हातातलं सोडण खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शेट आले. भाषण नाही, टेबल नाही. चपला पार वाटेवर काढल्या, देवापुढे नारळ ठेवला, म्हाताऱ्यांच्यात जमिनीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "माका मत द्या, नायतर नको द्या. पण देवान दिलेलां कोणी परत करू नये." शेटांना सगळं बरोबर कळत होतं. ते काही भाबडे नव्हते. पण अपमान झालेल्या माणसाशेजारी जमिनीवर येऊन बसायचं त्यांना सुचलं आणि आमच्या बाजूच्यांना सुचलं नाही, हे मात्र खरं.

मग वाडी उभी फाटली. आमच्याकडे भांडणं नवीन नव्हती. भावकी भांडायची, वरची वाडी खालच्या वाडीशी भांडायची, पाण्याच्या पाटावरून तर कोयते निघायचे. पण शाळेवरून माणसं पहिल्यांदाच भांडत होती. घराघरात जो शिकला तो मास्तरांचा, जो नाही तो शेटांचा. बाप इकडे, मुलगा तिकडे. कालपरवापर्यंत मास्तरांच्या सभेला सतरंज्या उचलणारे म्हातारे आता पोरांना 'बुकातले किडे' म्हणू लागले आणि पोरं बापांना 'आंगठेबहाद्दर'. आमच्या शाळेचा शिपाई सातवीत नापास झालेला होता, त्याला कुठे धरायचं ह्यावर दोन्ही बाजूंचा वाद झाला आणि शेवटी बिचारा आजारी पडून अंथरुणातच राहिला. आता टीव्हीवर विद्वान येतात आणि रंगीत पट्ट्या दाखवून सांगतात की पदवीवाले ह्या पक्षाकडे सरकले, शाळा सोडलेले त्या पक्षाकडे. माझी नात म्हणते, आजी, बघ ना किती इंटरेस्टिंग आहे. अगं बाई, मी ते आमच्या पडवीत बघितलंय! पट्टी सरकते म्हणतात तेव्हा एकाच घरात दोन चुली पेटतात. मी उठून स्वयंपाकघरात जाते.

मास्तर पडले. थोडक्यात पडले, आणि आमच्यासारख्या खाडीकाठच्या वाड्यांनी पाडलं असं सगळे म्हणाले. शिकलेल्या गावांतून त्यांना भरभरून मतं होती. दादा मुंबईला परत जाताना बाबांच्या पाया पडला नाही. बाबांनी निकालाचा आनंदही केला नाही. शेटांचे फटाके ऐकत सुंभ वळत राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळा पुरे झाली आता."

परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी रडले, जेवले नाही, भांडले, आणि ह्यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आमच्या घरी तर धंदाच तो होता. माझ्या हातात मोगरी आली. सकाळी पलीकडच्या तीरावर शाळेची घंटा व्हायची आणि वारा आमच्या बाजूचा असला की ती अगदी माडांत वाजल्यासारखी ऐकू यायची. मग मी सोडण असं ठोकायची की आई म्हणायची, "गो, सोडण ठोक, माजां डोक्यां नको." एकदा तिने माझा हात धरून ठेवला आणि हळूच म्हणाली, "बापाशीचो राग वल्या सुंभासारखो आसा. सुकांदे." पण मला सुकेपर्यंत वेळ कुठे होता? शेटांच्या दुकानात कामाला असलेल्या एका मुलाचं नाव घरात दबक्या आवाजात निघू लागलं होतं. मी रोज धक्क्यापर्यंत धावत जायची, पलीकडे जाणारी होडी सुटताना बघायची आणि धावत परत यायची. वेड्यासारखी.

आणि एका दुपारी त्या तरीतून मास्तर उतरले. एकटेच. निवडणुकीनंतर वाळले होते. मी सुंभाचं टोक धरून अंगणात उभी होते. बाबांनी त्यांना पाहिलं, आणि या म्हणाले नाहीत की बसा म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "सुलू, आत जा." मी टोक सोडलं असतं तर सगळा पीळ उलगडला असता. मास्तर पुढे झाले आणि त्यांनी ते टोक माझ्या हातातून घेतलं. मी दारामागे उभी राहिले.

बाबा पीळ देत मागे सरकू लागले. "ताणून धरा, मास्तरानू."

"सुलोचनाला शाळेत का पाठवत नाही?"

"तुमच्या शब्दार धाडलेलंय. तो शब्द तुमीच बाजारात टाकलास." बाबा आणखी मागे गेले.

"माझ्यावरचा राग मुलीवर कशाला काढता?" आता मास्तरांना जरा मोठ्याने बोलावं लागत होतं.

"राग नाय!" बाबा माडांपर्यंत पोचले होते, तेही ओरडत होते. "माका राग नाय. माका भंय आसा!"

"कसलं भय?"

बाबा थांबले. सुंभ दोघांच्या मध्ये ताठ झालं होतं. "तां शिकतलां," ते ओरडले, "आणि उद्यां तुमच्यासारख्यां माका नको म्हणतलां!"

अख्ख्या वाडीच्या मोगऱ्या थांबल्या. मी दारामागे तोंडात पदर कोंबला. आपल्या बापाला आपलं भय वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. राग सोसता येतो, हे कुठे ठेवायचं? मास्तरांनी टोक आणखी घट्ट धरलं. मग म्हणाले, "काय करू सांगा."

"कौल लावया," बाबा म्हणाले.

देवळात आम्ही पाचच माणसं. बाबा, आई, मी, गुरव आणि मास्तर. मास्तरांनी चपला पार पिंपळापाशी काढल्या आणि आत येऊन बाबांच्या शेजारी उभे राहिले.  माझी शाळा, माझं लग्न, पुढचं सगळं आयुष्य त्या दगडावर पाण्याने चिकटवलेलं होतं. कौलावर तुझा विश्वास होता का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. त्या क्षणी होता, आणि इतकं भ्यालेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं नाही. ते मास्तरांकडे वळले.

"उजवो पडात नायतर डावो. तुमका ठाऊक नाय, माका ठाऊक नाय. त्या दिवशी नको म्हटलास. आज व्हयो काय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा देवाकडे पाहिलं.  डावी पडली असती तर त्यांना तोंड मिटून परत जावं लागलं असतं आणि जन्मभर ज्याला नाही म्हटलं त्याला मान्य करून जावं लागलं असतं. आणि उजवी पडली असती तरी त्याला मान्य करणं आलंच.

"व्हयो," मास्तर म्हणाले.

'हवा' असं म्हणाले नाहीत. व्हयो. 'माका' म्हटल्यावर छडी आपटणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून आलेला तो पहिला आणि शेवटचा मालवणी शब्द मी ऐकला. बाबांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणायला आम्ही चौघंच होतो, आणि त्यात मास्तरांचा आवाज मला वेगळा ऐकू आला. उजवी पाकळी पडली. आईने तिथेच बसकण मारली. बाबांनी प्रसाद मास्तरांच्या हातावर ठेवला, आणि ह्या वेळी मास्तरांनी तो कपाळाला लावला.

मी मॅट्रिक झाले. मास्तरांना ते महागात पडलं. गोष्ट लपत नाही. मास्तर कौलाला बसले, शेवटी तेही तसलेच, असं शिकलेल्यांत झालं. दादा मला म्हणाला, "एका मुलीसाठी त्यांनी सगळी चळवळ घालवली." ती एक मुलगी समोरच उभी होती हे त्याच्या लक्षात आलं नाही. पुढच्या निवडणुकीला त्यांच्या पक्षाने मास्तरांना विचारलं नाही, एका वकिलाला उभं केलं. न शिकलेले मास्तरांकडे परत आले म्हणावं तर तेही नाही. गेलेली माणसं त्या वाटेने परत येत नाहीत. मास्तर शास्त्र शिकवत राहिले. मला ट्रेनिंग कॉलेजला त्यांनीच नेऊन पोचवलं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "शुद्धलेखनाकडे लक्ष दे." इतका राग आला मला!

मी मास्तरीण होऊन गावी आले तेव्हा मतदानाचं वय झालं होतं. निवडणुकीच्या सकाळी बाबा छत्री घेऊन दारात उभे. गुडघे गेले होते, शाळेपर्यंतची चढण त्यांना झेपत नव्हती. मी म्हटलं, राहू दे. ऐकतील तर ते बाबा कसले! बांधावरून निघालो, ते दर माडाला थांबत होते.

"तू कोणाक देतलंस तां माका ठाऊक आसा," ते म्हणाले.

"मत गुप्त असतं, बाबा."

"गुप्त कसलां? आणि माजां कोणाक तां तुका ठाऊक आसा."

ठाऊक होतं. मी मास्तरांच्या पक्षाच्या वकिलाला देणार होते, ते शेटांच्या मुलाला.

"म्हणजे फिटंफाट," मी म्हटलं. "दोघंही घरी बसलो असतो तरी तेच झालं असतं. चला, फिरूया मागे. तुमचे गुडघे तरी वाचतील."

बाबा उभे राहिले, छत्रीवर भार टाकून माझ्याकडे बघितलं, जसा काही मी अडाणीपणाचा कळस केला होता, आणि चढण चढू लागले. शाळेत बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, पण शेजारी शेजारी. त्यांच्या पुढे पलीकडच्या गावचा कोणी माणूस होता. बाबांनी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली, माझ्याकडे बोट केलं आणि दोन्ही रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यां माजां चेडू. मास्तरीण आसा. माजां मत काटूक इलां हा."